पाच हजारांतला गंधार

तानपुऱ्याला गंधाराची तार नसते. पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि खर्ज, एवढ्या चारच तारा. तरी नीट जुळलेला तानपुरा छेडला की खर्ज विरता विरता वरच्या सप्तकातला गंधार लख्ख ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. गाणारी मंडळी त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. किशोरी आमोणकरांच्या भूपाची एचएमव्हीनं काढलेली लाँगप्ले ऐकताना आधी हा गंधार शोधावा आणि मग ताईंचा ऐकावा. भूपाचा वादी स्वर गंधारच. म्हणजे राग ज्या स्वरावर उभा राहायचा तो गळ्यातून निघण्याआधीच हवेत हजर असतो आणि गायिका त्याला येऊन मिळते. या ध्वनिमुद्रणाचा निम्मा आनंद या मिळण्यात आहे.

हे रसग्रहण त्या भूपाचं आहे, तसंच तो ज्यातून ऐकायचा त्या हेडफोनचंही. कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन पाच ते दहा हजारांत घ्यायचा म्हटलं की माणूस आधी आकड्यांकडे वळतो. ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा की ५० चा? कंपनांचा पल्ला १० ते २०,००० की ५ ते ३०,०००? यातल्या दुसऱ्या आकड्यातून जवळजवळ काहीच कळत नाही, कारण त्या पल्ल्यात कुठला पट्टा किती चढवलाय नि कुठला किती पाडलाय हे त्यात लिहिलेलंच नसतं. आवाजाचा स्वभाव ठरतो तो याच चढउतारांवर. त्यांना फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात. २०१७ मध्ये येरून ब्रीबार्ट यांनी २८३ हेडफोन मोजून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष शीर्षकातच सांगितलेला होता: हेडफोनचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि त्याची किंमत यांचा परस्परसंबंध आढळत नाही. जास्त पैसे मोजले म्हणून आवाज खरा होईल असं नाही आणि कमी मोजले म्हणून खोटाच निघेल असंही नाही. हलक्या खिशाला यात दिलासा आहे, पण कामही वाढतं. किंमत वाट दाखवत नसेल तर ती कानानंच काढायला हवी, आणि त्यासाठी कानाला पाठ असलेलं गाणं लागतं. माझ्यापुरतं ते गाणं हा भूप आहे.

तानपुऱ्यापासूनच सुरुवात करू. हिशोबासाठी पट्टी काळी चार धरली, तर खर्जाची तार सेकंदाला सुमारे १०४ वेळा कंप पावते. तार अख्खी हलते तशीच ती अर्ध्या-अर्ध्यात, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांतही हलत असते. पाच भागांतलं कंपन येतं ५१९ च्या आसपास, आणि तोच हा स्वयंभू गंधार. हार्मोनियमवर हा तार सप्तकातला गंधार ५२३ च्या जवळ असतो. फरक चार कंपनांचा, कागदावर किरकोळ. पण दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. भूपात गंधारावर इतका वेळ थांबायचं असतं की गळा या दोघांतल्या कोणत्या गंधाराशी इमान राखतो ते लपून राहत नाही.

नुसत्या तारेतून मात्र एवढा गंधार मिळत नाही. त्याला फुलवते ती जवारी. तानपुऱ्याची घोडी धारदार नसते, पसरट असते आणि तिला अगदी हलका बाक दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या पसरट अंगाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. तारेखाली सरकवलेला दोरा या स्पर्शाची जागा केसभर मागेपुढे करतो, आणि त्यातून वरच्या स्वरांचा झंकार सुटतो. एरवी असा नियम सांगतात की, तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, येतो तो उपस्वर उमटत नाही. हा नियम यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावानं ओळखला जातो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवलं की आपल्या वीणा-तानपुऱ्याच्या घोडीपुढे तो टिकत नाही. जो स्वर उमटू नये तोही तिथे दणक्यात उमटतो. मिरजेचे कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या बोटांनी करत आले आहेत: घोडी घासायची, दोरा सरकवायचा, तार छेडून कान द्यायचा, पुन्हा घासायची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागे ही जवारीही आहे.

हेडफोन पारखायला याहून सोयीचं साधन मला माहीत नाही. एका झंकारात शंभर कंपनांपासून कित्येक हजारांपर्यंतचे स्वर एकदम वाजतात आणि ते एकमेकांशी ठरलेल्या नात्यानं बांधलेले असतात. त्यातलं एक नातं हेडफोननं बिघडवलं की कान लगेच ओळखतो, कारण ते नातं कानाला जन्मभर ऐकून पाठ झालेलं असतं.

स्वस्त हेडफोनचं नेहमीचं दुखणं म्हणजे फुगवलेला बास. दुकानात पहिल्या दहा सेकंदांत तोच भुरळ घालतो. भूपात मात्र त्याचं पितळ उघडं पडतं. शंभरच्या आसपासचा पट्टा चढवला की खर्ज जाडजूड होतो. कानाचा स्वभाव असा की खालचे जोरकस आवाज वरच्या नाजूक आवाजांना झाकून टाकतात. वरचे खालच्यांना तितके झाकत नाहीत. मग तानपुरा घुमतो भरपूर, पण गंधार बुडतो, आणि शेजारच्या इमारतीत पाण्याचा पंप सुरू असावा तसं काहीतरी कानाशी चाललेलं असतं. उलट टोकाचे हेडफोनही असतात, खाली काहीच नसलेले. त्यांतून गंधार ऐकू येतो, पण तो कुणाच्या पोटातून आलाय ते कळत नाही. परीक्षा अगदी साधी आहे. खर्ज वाजला की मनातल्या मनात गंधार धरायचा आणि तो हेडफोनमध्ये सापडतो का ते बघायचं. खर्जही हवा आणि गंधारही.

मग ताईंचा आवाज लागतो. तालीम आईची, मोगूबाई कुर्डीकरांची, घराणं जयपूर-अत्रौली. तिथे आकाराला मोठा मान. शब्द बाजूला राहतो आणि नुसत्या 'आ'वर स्वर वाढत जातो. भूपात स्वर पाचच, सा रे ग प ध. देशकारातही हेच पाच. वेगळेपण आहे ते वावरण्यात. देशकार धैवतावर, वरच्या अंगात रमतो. भूप खालच्या अंगात राहून गंधारावर विसावतो. म्हणून भूपात कोणता स्वर घेतला यापेक्षा तिथे पोचलं कसं आणि थांबलं किती याला महत्त्व. पंचमावरून गंधारावर मींडेनं उतरताना मधल्या वर्ज्य मध्यमाच्या जागेवरून जावं तर लागतं, पण तिथे रेंगाळता येत नाही. किशोरीताईंची ही उतरण ऐकण्यासारखी आहे. गंधार एका फटक्यात लागत नाही. आवाज आधी जवळ येतो, क्षणभर जणू अंदाज घेतो आणि मग तानपुऱ्यातल्या गंधारात असा मिसळतो की जोर न वाढवताही मोठा वाटू लागतो. दोन गंधार एक झाल्याचा तो परिणाम असतो. त्यानंतर त्या रिषभाकडे वळतात तेव्हा आपण घर सोडून बाहेर पडल्यासारखं होतं, आणि परतायची ओढही त्याच क्षणी सुरू होते. बडा ख्याल या ओढीवर चालतो.

हेडफोनच्या भाषेत हे सगळं घडतं मधल्या पट्ट्यात. 'आ'चा गाभा साधारण पाचशे ते दीड हजार कंपनांत, आणि आवाजाला जी धार असते ती तीन हजारांच्या आसपास. गंमत म्हणजे तीन हजारांच्या जवळ आपल्या कानाची नळी आणि पाळी मिळून आवाज आपणच वाढवतात. समोर बसून गाणाऱ्याचा आवाज आपल्याला स्वाभाविक वाटतो तो या वाढीसकट. हेडफोन कानाला खेटून बसला की हे गणित बदलतं, म्हणून चांगल्या हेडफोनच्या आलेखात त्या जागी मुद्दाम उंचवटा ठेवलेला असतो. हेडफोनचा आलेख सरळ रेषेत असावा ही अपेक्षाच चुकीची. तो उंचवटा नेमका किती असला की बहुतेकांना आवाज खरा वाटतो, यावर हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१० नंतरच्या दशकात श्रोत्यांना ऐकवून ऐकवून बरंच संशोधन केलं. आज हेडफोनच्या परीक्षणांत 'हार्मन कर्व्ह' म्हणून जी रेषा दाखवतात ती यातूनच आलेली.

बाजारात खपणारे पुष्कळ हेडफोन मात्र इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे असतात: खालचा पट्टा वर, वरचा पट्टा वर, मधला खड्ड्यात. नाचाच्या गाण्याला ते शोभून दिसतं. भूपात गायिका तबल्याच्या मागे जाऊन बसते. मींड ऐकू येते, पण ती कुठून निघून कुठे टेकली ते पुसट होतं, आणि भूपाचा सगळा जीव तर त्या टेकण्यात. असा हेडफोन फुकट मिळाला तरी या गाण्यासाठी महागच.

तबल्याकडे वळू. शाईमुळे आपल्या तबल्यातून निघणारे उपस्वर तारेसारखे सुरेल नात्यात येतात, हे रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर'मधून जगाला सांगितलं. म्हणून तर दायाँ षड्जात मिळवता येतो. विलंबित लयीत दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा खूप असते. त्या जागेत चाटीवरच्या 'ना'चा सूर कसा विरतो ते ऐकायचं. डग्ग्याची परीक्षा वेगळी. मनगटाचा दाब वाढला की घुमारा खालून वर चढतो. ही चढण सलग ऐकू आली पाहिजे. ढिसाळ हेडफोनमध्ये ती मध्येच सुटते आणि उरतो नुसता धप्प असा आवाज. बास 'किती' आहे हे दुकानात कळतं. तो 'कसा' आहे हे कळायला डग्गा लागतो.

द्रुतात 'सहेला रे' येतं. ज्यांनी शास्त्रीय संगीत फारसं ऐकलेलं नाही त्यांनाही ही बंदिश ओळखीची असते. बडा ख्यालात आवाज अंतर्मुख होता. इथे तो सलगीनं हाक मारतो. हेडफोनची उरलेली सगळी परीक्षा या दोन शब्दांत आहे. 'स' म्हणजे दातांमधून सुटलेला वारा; त्याची ताकद पाच हजार कंपनांच्या वर. वरचा पट्टा चढवलेला असेल तर हा 'स' सुईसारखा टोचतो, आणि मुखडा प्रत्येक आवर्तनाला परत येत असल्यामुळे टोचणीही ठरल्या वेळी परत येते. 'ह' म्हणजे तर घशातून सुटलेली हवाच, तीही दोन स्वरांच्या मध्ये अडकलेली. वरचा पट्टा दबलेला असला तर ती नाहीशी होते आणि कानावर 'सएला' पडतं. 'ला'मध्ये जिभेचा हलका स्पर्श होऊन पुन्हा आकार उघडतो, आणि 'रे'चा एकार गळ्यासोबत हवा तेवढा लांबतो. 'स' टोचला तर तिथला आवाज जास्त आहे, 'ह' हरवला तर कमी आहे. 'ह' ऐकू यावा आणि 'स' टोचू नये, एवढ्या अरुंद जागेत चांगला हेडफोन उभा असतो. एका शब्दात दोन उलट दोषांची तपासणी होते, आणि तीही गाणं न थांबवता.

द्रुतातल्या आकाराच्या तानांत आणखी एक गोष्ट कळते. जयपूरची तान सरळ धावत नाही, वळणं घेत जाते. एक दाणा विरायच्या आत दुसरा आलेला असतो. हेडफोनचा पडदा पटकन थांबणारा नसेल तर दाणे एकमेकांना चिकटतात. मग वळणं ऐकू येत नाहीत, नुसता वेग ऐकू येतो.

ही कसोटी घेऊन बाजारातले तीन जुनेजाणते हेडफोन पाहू. तिन्ही स्टुडिओच्या कामासाठी घडलेले, म्हणून दिसायला साधे, वायरवाले आणि गाजावाजा नसलेले.

पहिला एकेजीचा के२४० स्टुडिओ. कंपनी १९४७ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेली. के२४० चं पहिलं रूप १९७५ चं: मधल्या ड्रायव्हरभोवती सहा निष्क्रिय पडदे, म्हणून त्याला 'सेक्स्टेट' म्हणायचे, आणि रोध ६०० ओहम, म्हणजे दमदार अँप्लिफायरशिवाय हलायचा नाही. आजच्या 'स्टुडिओ' आवृत्तीत ते सहा पडदे नाहीत. रोध ५५ ओहमवर आलाय, त्यामुळे फोनवरही चालतो. कपाभोवतीचं सोनेरी कडं आणि डोक्याच्या मापानं आपोआप ताणला जाणारा पट्टा मात्र तसाच. हा अर्धा खुला हेडफोन आहे. भूपात याचं वागणं गाणाऱ्याच्या बाजूचं: मधला पट्टा पुढे, आकार मोकळा, गंधार सहज सापडणारा. डग्ग्याचा तळ मात्र हलका पडतो. किंमत साधारण पाच हजारांच्या घरात. शिवाय वायर काढता-घालता येते, ही या किमतीत मोठी गोष्ट.

दुसरा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स. बंद कपांचा, ४७ ओहमचा, वजनाला हलका. खर्ज भरदार लागतो, डग्गा अंगानं येतो. पण 'ह' जरा मागे राहतो आणि जवारीची चमक थोडी मऊ होते. बाहेरचा गोंगाट बऱ्यापैकी अडवतो. वायर तीन मीटर लांब आणि डाव्या कपाला कायमची जोडलेली, म्हणजे खोलीभर फिरायला सोय, पण तुटली तर सोल्डरिंग आलं.

तिसरा सोनीचा एमडीआर-७५०६. १९८५ च्या एमडीआर-व्ही६ चा हा भाऊ, १९९१ पासून बाजारात आहे आणि रूप जवळजवळ बदललेलं नाही. चित्रपटांच्या सेटवर, रेडिओत, ध्वनिमुद्रकांच्या गळ्यात तो दिसतो. कपावरच्या निळ्या पट्टीवरून लांबूनही ओळखता येतो. गुंडाळीची वायर, घडी घालता येणारे कप, रोध ६३ ओहम. आपल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला बसणारा. हा हेडफोन काहीच लपवत नाही: श्वास घेतलेला कळतो, जवारीचा कण अन्‌ कण ऐकू येतो. त्याचं कामच ते, चूक शोधून देणं. पण त्यासाठी वरचा पट्टा उजळ ठेवलाय, आणि 'सहेला'तला 'स' तो जरा जास्तच ठासून म्हणतो. काम करणाऱ्याला हे हवंच असतं. रात्री डोळे मिटून ऐकणाऱ्याला दुसऱ्या तासात खुपायला लागू शकतं.

तिघांतून या भूपासाठी मी के२४० निवडेन. तळ हलका पडल्यानं गाण्याचं जे नुकसान होतं ते सोसता येतं. मधला पट्टा मागे गेला असता तर ते सोसलं नसतं. पण हा निकाल शांत खोलीतला आहे. खुल्या हेडफोनमध्ये आवाज मोकळा वाटतो कारण कपामागची हवा कोंडलेली नसते. सेनहायझरनं १९६८ मध्ये एचडी ४१४ काढून ही वाट पहिल्यांदा रूढ केली. त्याचा मोबदला असा की घरातलं सगळं आत येतं आणि आपलं गाणं बाहेर जातं. डोक्यावर पंखा, स्वयंपाकघरात मिक्सर आणि खिडकीखाली रिक्षा असेल, तर तानपुऱ्याचा सगळ्यात नाजूक भाग आधी त्यांत विरघळतो. अशा घरात बंद कपांचा एम२०एक्स हाच शहाणा निर्णय. बंद हेडफोनचीही एक खोड आहे. गादी कानाभोवती घट्ट टेकली तरच त्याचा बास टिकतो. चष्म्याच्या काडीनं फट पडली की खर्ज हवेत निघून जातो. चष्मा लावणाऱ्यानं दुकानात चष्म्यासकट ऐकावं.

कमी पैशांत निवड करताना एक भेद मनाशी ठेवला की गोंधळ कमी होतो: नंतर दुरुस्त करता येणारं काय आणि न येणारं काय. 'स' थोडा टोचत असेल तर फोनमधल्या इक्वलायझरनं सहा-सात हजारांच्या आसपासचा पट्टा जरा खाली घेता येतो. बास फुगला असेल तर तोही उतरवता येतो. कान दाबणारा पट्टा, कानाच्या पाळीला आतून घासणारा उथळ कप, बाजारात न मिळणाऱ्या गाद्या, कायमची जोडलेली वायर यांना इक्वलायझर नाही. आपल्याकडच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या सोलपटायच्याच, मग हेडफोन कुठल्याही नावाचा असो. म्हणून ज्याच्या गाद्या सुट्या मिळतात तो घ्यावा.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात सांगायचं तर, त्याच किमतीत बॅटरी, चिप, माइक आणि चार्जिंग यांचाही वाटा असतो. वायरवाल्यात तो सगळा पैसा पडदा, गादी आणि चौकटीकडे जातो. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा डोंगल पुरतो. वरच्या तिन्ही हेडफोनना वेगळ्या अँप्लिफायरची गरज नाही. तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवणं मात्र विसरू नये. दोन हेडफोनांत जो किंचित मोठा वाजतो तो नेहमीच अधिक चांगला वाटतो. बऱ्याच खरेद्या या फसवणुकीवर होतात. पातळी बेताचीच असावी. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते, आणि आवाज चढला की हे तास भराभर घटतात. बेताच्या आवाजात गंधार सापडत नसेल तर आवाज वाढवू नये, हेडफोन बदलावा.

शेवटी या निवडीचं एक बळ सांगितलं पाहिजे. महाग हेडफोन ज्यांची फुशारकी मारतात ती दोन टोकं आहेत: तीस-चाळीस कंपनांचा पोट हलवणारा तळ आणि पंधरा हजारांच्या वरची तरल हवा. भूपाच्या या ध्वनिमुद्रणात त्या दोन्ही टोकांना फारसं कामच नाही. खर्जापासून 'स'पर्यंतचा सगळा व्यवहार शंभर ते आठ-नऊ हजार कंपनांत उरकतो, आणि एवढी जागा प्रामाणिकपणे सांभाळणं पाच हजारांच्या हेडफोनलाही जमतं. मैफलीत तासभर चालणारा राग लाँगप्लेच्या वीस-पंचवीस मिनिटांत मावण्यासाठी किशोरीताईंनाही काय ठेवायचं नि काय सोडायचं हे ठरवावं लागलं असणार. मर्यादेमुळे तो भूप छोटा झाला, पण अपुरा वाटत नाही, कारण त्यांनी नेमकं जे टाकायचं नाही तेच ठेवलं. हेडफोन बनवणाऱ्यानं कमी खर्चात तेवढंच केलं असेल, तर त्याच्याकडून आणखी काही मागायचं कारण नाही.

हे सगळं भूपापुरतं. ज्याच्या कानात ढोलकीची लावणी बसलीय त्यानं ढोलकीच्या थापेवर हेडफोन पारखावा; ज्याला सिंफनी आवडते त्यानं वाद्यांच्या रांगा वेगवेगळ्या ऐकू येतात का ते पाहावं; इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्यानं तळाचा हिशोब खुशाल मागावा. मात्र गाणं आपलं हवं आणि पाठ हवं. फोनवर ते चांगल्या दर्जात उतरवून घ्यावं, दुकानात तेच लावावं आणि दुकानदार स्वतःचं दणदणीत गाणं ऐकवू लागला तर नम्रपणे हेडफोन काढून ठेवावा.